शुक्रवार, १५ ऑक्टोबर १५८२

"बाबा आज दुपारी बारा वाजता वाडी देऊन टाकणार आहेत," यशोदा म्हणाली आणि पुढ्यातला चहा तसाच ठेवून घड्याळाकडे बघत बसली. साडेआठ झाले होते.

चंद्रकांता सावे खाजगी तपास करत. वसईत बाईमाणसाने हा धंदा करावा याचं लोकांना १९८६ सालीही नवल वाटे, पण अडलं की ते त्यांच्याच दाराशी येत. त्यांचा मदतनीस व्हिन्सेंट डाबरे स्कूटर उत्तम चालवी. डोकं मात्र त्याचं जरा मागून येई.

"कुणाला देणार?" चंद्रकांताबाईंनी विचारलं.

"धर्मा म्हात्रेला. खाडीकडचा आहे. त्याच्या माळ्यावर चारशे वर्षांपूर्वीचा पोर्तुगीज कागद सापडलाय. वाडी मुळात त्याच्या पूर्वजांची होती, आमच्या मूळ पुरुषाने खोटी साक्ष देऊन ती लाटली, असं त्यात लिहिलंय."

"असल्या कागदाला आज कोर्टात कोण विचारतं?" व्हिन्सेंट म्हणाला.

"वकील हेच सांगून थकले. बाबा म्हणतात, कोर्टाचं मला सांगू नका, चोरीच्या मालावर मी जगणार नाही." यशोदाने पदराने डोळे टिपले. "ताई, आमचं घर, पानवेली, केळी, सगळं त्याच वाडीत आहे. एकदा सही झाली की आम्ही रस्त्यावर. मला फार भीती वाटतेय."

"कागद वाचला कुणी?"

"थॉमसकाकांनी. त्यांना पोर्तुगीज येतं. आणि तो खरा आहे असं कॉलेजातल्या शत्रुघ्न सरांनी सांगितलं. मे महिन्यात ते वंशावळी गोळा करत फिरत होते. बाबांनी मोठ्या हौसेने आमची वाचून दाखवली होती."

चंद्रकांताबाई उठल्याच. हातात साडेतीन तास होते.

धर्मा अंगणात जाळं विणत बसला होता. त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढून दिला.

"मना यातलं काय कलत नाय, बाय. माल्यावर पेटारा व्हता, तो मास्तरांनीच उघरला. यशोदाचा बापूस हरिभाव बोलतान, जमीन तुजी. मी बोललो, मना नको. त्यो आयकतच नाय."

"मास्तर म्हणजे शत्रुघ्न?"

"त्योच. मना तं सही पन येत नाय. अंगठा लावतो."

कागद जुनाट, पिवळा होता. अक्षर बारीक आणि रेखीव, एकही रेघ हललेली नव्हती. तीन कडा झिजून गेल्या होत्या, चौथी मात्र सरळ आणि स्वच्छ होती. चंद्रकांताबाईंनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि कागद मागून घेतला.

पापडी गावात थॉमसकाकांनी स्वतः चहा आणला. कपबशी त्यांच्या हातात वाजत होती. अर्धा चहा बशीत सांडला.

"दोन वर्षं झाली, हात असाच थरथरतो," ते म्हणाले. "वाचता येतं, पण पोरीला पत्र लिहायचं तर शेजारणीला सांगावं लागतं."

"कागदाबद्दल काय वाटतं, काका?"

"भाषा बरोबर आहे. पण ते लिहिणारे लोक भलतेच सुखी दिसतात. माझे आजोबा सांगायचे, लिस्बनहून गलबतं वर्षातून एकदाच निघत, मार्च-एप्रिलात. पावसाळा सरता सरता इकडे पोचत. घरी आई मेली तरी इथल्या शिपायाला पुढल्या वर्षी कळायचं. माणसं सदा काळजीत. या कागदात काळजी कुठेच नाही."

"ही काय तक्रार झाली?" बाहेर आल्यावर व्हिन्सेंट कुरकुरला. दहा वाजून गेले होते आणि त्याची किक दोनदा चुकली.

शत्रुघ्नच्या खोलीत भिंतभर जुनी पुस्तकं होती. माणूस पस्तिशीचा, बोलायला लागला की थांबेना.

"युरोपातली सरंजामशाही या लोकांनी गलबतात घालून वसईला आणली, बाई. राजाने सरदाराला गावं द्यायची, सरदाराने तीन पिढ्यांच्या बोलीने ती राखायची, वेळ पडली की लढायला जायचं. राबणारे मात्र आपलेच. असा एवढा तपशीलवार कागद दुसरा नाही. जानेवारीत पोर्तुगाल युरोपच्या सामाईक बाजारपेठेत गेला. आता तिकडे जुन्या कागदांच्या अभ्यासाला पैसा सुटलाय. डिसेंबरात मी लिस्बनच्या परिषदेत हा मांडणार आहे."

"खोटा नसेल कशावरून?"

तो हसला. "तारीख बघा. वसई, शुक्रवार, १५ ऑक्टोबर १५८२. त्या साली पंचांग सुधारायला पोपने दहा दिवस गाळले. गुरुवारी ४ तारीख, दुसऱ्या दिवशी एकदम १५. पोर्तुगालच्या राजाचा तसा हुकूम सप्टेंबरात निघाला होता. खोटं करणारा अडाणी इथे हमखास फसला असता. हा वार बिनचूक आहे."

तेवढ्यात व्हिन्सेंटने एक जाड लॅटिन पुस्तक उघडलं. पुठ्ठ्यामागचं कोरं पान नव्हतं, शिवणीजवळ नुसती पट्टी उरली होती. शत्रुघ्नने पुस्तक त्याच्या हातून घेऊन मिटलं.

"हे मी घेऊन जाते," चंद्रकांताबाई म्हणाल्या. "तुम्हीही चला. बाराला वाडीवर."

बाराला दहा कमी असताना सगळे वाडीतल्या ओटीवर जमले. यशोदाचे बाबा, हरिश्चंद्र पाटील, लेखणी घेऊनच बसले होते. सत्तरीचा माणूस, चेहरा पार ओढलेला. यशोदा खांबाला धरून उभी होती.

"सहीआधी पाच मिनिटं द्या," चंद्रकांताबाई म्हणाल्या. "कागद खोटा आहे."

"सरांनी तारीख तपासलीय," हरिश्चंद्र थकून म्हणाले.

"तिथेच चूक आहे. तो शुक्रवार रोममध्ये बरोबर, लिस्बनमध्येही बरोबर. वसईत नाही. हुकूम सप्टेंबरात निघाला आणि गलबतं पुढल्या मार्चात. ती इथे पोचणार १५८३ च्या पावसाळ्यानंतर. तोवर वसईत जुनंच पंचांग. चारला गुरुवार, तर अकराला गुरुवार आणि पंधराला सोमवार. त्या दिवशी इथे बसून लिहिणाऱ्याने सोमवारच लिहिला असता."

"म्हणजे थॉमसकाका बोलले ते..." व्हिन्सेंट म्हणाला.

"तेच. शुक्रवार लिहिणारा माणूस युरोपचा इतिहास जाणणारा, पण वसई विसरलेला. या कागदाला हात लावलेल्यांत पोर्तुगीज येणारे दोघेच, काका आणि सर. थॉमसकाकांच्या हाताने असं अक्षर निघणार नाही, आणि गलबतांचं गणित तर त्यांनीच मला सांगितलं. धर्माला सहीदेखील येत नाही. पेटारा उघडला सरांनी, वंशावळ ऐकली सरांनी."

त्यांनी लॅटिन पुस्तक उघडून कागदाची सरळ कड त्या पट्टीला लावली. ती तंतोतंत जुळली.

शत्रुघ्न खाली बसला. "मला एक शोध हवा होता," तो म्हणाला. "खरी घराणी घातली की कागद खरा वाटतो. जमीन मी कुणाचीच मागितली नव्हती, हरिभाऊ. कायद्याने काही होणार नाही हे ठाऊक होतं. तुम्ही खरोखरच द्यायला निघाल असं कुणाला वाटलं असतं? मग सांगायची हिंमत झाली नाही."

"मी बोललो व्हतो, मना नको," धर्मा पुटपुटला.

हरिश्चंद्रांनी शत्रुघ्नकडे बघितलं.

"जमिनीचं सोड. सगळा पितृपक्ष गेला, मी एक पान ठेवलं नाही. चोरांना कशाला जेवू घालायचं, म्हटलं. बापाचं नाव घ्यायची मला लाज वाटली. माझ्या बापाची, मास्तर."

हरिश्चंद्रांनी लेखणी खाली ठेवली आणि ते लेकीकडे वळले.

"यशोदे, आज अमावास्या. अजून वेळ गेलेली नाही. भात टाक."

यशोदा डोळे पुसत आत धावली. धर्माने कोपऱ्यातला कोयता उचलला आणि काही न विचारता तो केळीचं पान कापायला गेला.