चुन्यात मुरलेला श्वास

हवा कोंडून ठेवणारं दाबदार मागे मिटलं तशी नेरिसा तुस्कानोने शिरस्त्राण काढलं आणि वेदीच्या पायरीवर बसकण मारली. आठवडाभर चुना खरवडून तिच्या मनगटांत कळा येत होत्या. मंगळावरच्या नवपाली वसाहतीतलं हे पहिलं चर्च, लाव्हारसाने कोरलेल्या बोगद्यात बांधलेलं. वसाहत नव्या घुमटाखाली हलली तेव्हापासून ते ओस होतं. बाकं लोकांनी उचलून नेली होती, वेदीवर तांबड्या धुळीची साय धरली होती. छताला तडे गेले म्हणून उद्या बोगद्यातली हवाच काढून घेणार होते.

"मंगळावर येऊन करतोय काय, तर भिंती खरवडतोय," मदतीला आलेल्या प्रयोगशाळेतल्या कारखानीस मॅडम कार्बन हलका की जड ते सांगणारा कार्बनतोलक खांद्यावरून उतरवत म्हणाल्या. "आई असती तर म्हणाली असती, एवढ्यासाठी शिकवलं का गं तुला?"

"निदान तुम्हाला कुणी चोराची नात तरी म्हणत नाही."

वसाहतीत ती गोष्ट पोराटोरांनाही ठाऊक होती. उपासमारीच्या वर्षी हरितगृहात बुरशी शिरली आणि बहुतेक पिकं गेली. परतीच्या यानासाठी पृथ्वीवरून आणलेला तांदूळ तेवढा कोठारात राखलेला होता. त्याला हात लावणाऱ्याची रवानगी पृथ्वीवर, असा नियम. वर्षअखेर कोठार उघडलं तर रिकामं! किल्ली एकट्या कोठीवाल्याकडे, म्हणजे नेरिसाच्या आजोबांकडे, पास्कू तुस्कानोंकडे. सभेत एकेक घर उठून त्यांच्याविरुद्ध बोललं. त्यांनी तोंड उघडलं नाही आणि पुढच्या यानाने ते गेले. नेरिसाचे वडील तेव्हा लहान होते. आम्ही एक दाणा खाल्ला नाही, हे ते जन्मभर सांगत आले. आता ते घुमटातल्या रुग्णालयात अंथरुणाला खिळले होते. त्यांचे डोळे मिटण्याआधी नेरिसाला ते खरं करून दाखवायचं होतं.

"कार्बनचं मी बघते, पण चुन्यावर माझा विश्वास बसू दे," मॅडम म्हणाल्या.

"चुनखडी भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. मग भिंतीला ओला चुना लावला की तो हवेतून तेवढाच वायू ओढून घेतो आणि पुन्हा दगड बनतो. म्हणजे थरातला सगळा कार्बन त्या वेळच्या हवेचा."

"हवा तर सगळ्यांची एकच."

"इथे नव्हती. थंडी इतकी, की भिंतीत प्रत्येक घराचा वेगळा कोनाडा आणि पुढे जाड पडदा. दरवर्षी ईस्टरच्या आदल्या दिवशी ज्याने त्याने आपला कोनाडा चुन्याने सारवायचा आणि रात्रभर आतच जागरण करायचं. आत घरच्यांचाच श्वास कोंडायचा."

"मग सोपं आहे. मंगळावरचा हलका कार्बन केव्हाच अवकाशात निसटून गेला, मागे उरला तो जड. इथलं पीक खाणाऱ्याचा श्वास जड येणार. पृथ्वीचा तांदूळ खाल्ला की हलका."

उपासमारीच्या वर्षी चुना अपुरा पडला म्हणून त्यात लाल माती कालवली होती. त्यामुळे तो गुलाबी थर प्रत्येक कोनाड्यात लगेच ओळखू येत होता. नेरिसाने तुस्कानोंच्या कोनाड्यातली चिमूटभर भुकटी तोलकात टाकली. आकडा उमटला. जड.

ती संपर्क जोडायला वळली. "बाबांना कळवते."

"थांब. तुलनेला शेजारचा घे. एकट्या आकड्याला कुणी विचारत नाही."

शेजारी डाबऱ्यांचा कोनाडा. हलका.

"डाबरे!" नेरिसा ताडकन उठली. "वर तोंड करून आम्हाला चोर म्हणतात!"

पण रुमावांचाही हलका निघाला. लोपिसांचा हलका. तिच्या आईच्या माहेरचा, परेरांचा, तोही हलका. शेवटच्या कोनाड्यापर्यंत सगळे हलकेच निघाले. मॅडम जमिनीवरच बसल्या.

"एवढी घरं काही कुलूप फोडायला गेली नसतील, पोरी," त्या हळू म्हणाल्या. "कुणीतरी वाटलंय. आणि नियमाला भिऊन सगळे गप्प बसले."

नेरिसाने रुग्णालयाशी संपर्क जोडला.

"बाबा, आपल्या कोनाड्यातला श्वास जड आहे. आपण खाल्लं नव्हतं."

"सांगत नव्हतो?" त्यांना खोकल्याची उबळ आली. "मग खाल्लं कुणी?"

इथे थांबता आलं असतं. तिने मॅडमकडे पाहिलं, तर त्या तोलकाची दोरी गुंडाळत होत्या.

"सगळ्यांनी. आपलं घर सोडून सगळ्यांनी."

पलीकडे श्वासाची घरघर वाढली.

"म्हणजे तांदूळ माझ्या बाबांनीच काढला," ते म्हणाले. "रात्री उठून बाहेर जायचे. आम्हाला वाटायचं, प्रार्थनेला जातात."

"आपल्या घरात एक दाणा आला असता तर ती चोरी झाली असती, असं त्यांना वाटलं असेल, बाबा."

"असेल." आवाज खोल गेला होता. "एल्झा त्याच ईस्टरनंतर गेली. तुझी आत्या. उठवत नव्हतं तिला. डाबऱ्यांची पोरं तिच्याशी खेळायला यायची, नि ती नुसती पडल्या पडल्या बघायची. मला तेव्हा नवल वाटायचं, नेरिसा, ह्यांच्या पायांत पळायचं बळ येतं कुठून?"