भिंतीवरचा ठोकळा

गॅरेजातल्या पसाऱ्याला काडी लावावी असं त्या मेकॅनिकला रोज वाटायचं. दहा नंबरचा पाना हवा, तर ढीग उपसा! शेवटी रविवारी दुपारी तो पेटलाच. कपाट घ्यायची ऐपत कुठली? मोडकं दार भिंतीला ठोकलं, त्यावर खिळे मारले, रंगाचे रिकामे डबे बसवले. पाने, पकडी, हातोड्या टांगल्या अन् प्रत्येकाच्या कडेनं खडूची रेघ ओढली. काय जागेवर नाही ते आंधळ्यालाही कळावं.

"बारा महिन्यांनी सुचलं शहाणपण!" दारातून वहिनी म्हणाली. "तेव्हाच केलं असतंत भावजी, तर ठोकळा ह्यांना समोर दिसला असता. विसरले नसते."

एरवी कुणाच्या बापाचं ऐकून घेणारा गडी नव्हता तो. वहिनीपुढे मात्र मान खाली.

कारण दादा विसरला नव्हताच. गाडीच्या चाकाला ठोकळा लावूनच तो खाली शिरला होता. ह्या धाकट्याला हातोडी सापडेना, टाळकं सरकलं, अन् बेअरिंग ठोकायला ह्यानं तोच ठोकळा ओढला. गाडी उतारावरून सरकली अन् खालचा दादा जागीच गेला... मग ठोकळा गेला चुलीत, अन् "दादा ठोकळा लावायला विसरला" हे सगळ्यांना सांगितलं ह्यानंच.

वहिनी घरात गेली. तो हात धुऊन आला, तर भिंतीवरच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात एक रेघ जास्तीची. चौकोनी. एक कोपरा तुटका. खाली दोन खिळे, ह्यानं न मारलेले.

ठोकळ्याचा तो कोपरा त्या दिवशी बेअरिंग ठोकताना तुटला होता. ओल्या फडक्यानं खसाखसा पुसलं. रेघ आणखीच उठून दिसली. जळक्या लाकडाचा वास सुटला.

"दादा... नको रे..."

"भावजी."

वहिनी मागं उभी होती. हातात पदराखाली काहीतरी धरलेलं. ती पुढं आली अन् काळाठिक्कर ठोकळा तिनं दोन खिळ्यांवर ठेवला. रेघेत अगदी चपखल बसला.

"चुलीपाशी होता... अजून गरम आहे."

"वहिनी, दादा विसरला नव्हता. मीच..."

"माहीत आहे," ती हळूच म्हणाली. "आत्ताच सांगितलं त्यांनी."

पाठीमागं, उतारावर, भिंतीकडं तोंड करून उभ्या जीपचं चाक कुरकुरलं. त्यानं वळून पाहिलं. सकाळी स्वतःच्या हातानं लावलेला नवा ठोकळा चाकाखाली नव्हता.