बिनचुड्याची नवरी

ओहोटीच्या वेळी रेवसच्या धक्क्याला लाँच लागली की ती खोल खाली राहते, आणि शेवाळलेल्या पायऱ्या चढताना भल्याभल्यांची तारांबळ उडते. त्या दिवशी प्रज्योत पाटील सगळ्यांत आधी उतरला होता आणि वर उभा राहून येईल त्याला हात देत होता. कुणी म्हाताऱ्या, कुणी पाटीवाल्या... आणि मग आली प्राप्ती. वाऱ्याने तोंडावर आलेले केस, खांद्याला पर्स, आणि दोन्ही हात ओढणीत लपवलेले.

"द्या हात."

"नको. येते मी."

"अहो, शेवाळ आहे—"

"म्हटलं ना, नको!"

काय हा तोरा! प्रज्योत मनात चरफडला. तेवढ्यात लाँच हलली, प्राप्तीचा पाय सटकला आणि त्याने मागचापुढचा विचार न करता तिची बोटं घट्ट पकडली. प्राप्ती अशी किंचाळली की धक्क्यावरचे कावळे उडाले. झालं! लोकांना तेवढंच हवं असतं. "ए, काय केलंस रे पोरीला?" म्हणत दोघांनी त्याची कॉलर धरली, तिसरा बाह्या सरसावू लागला.

"सोडा त्यांना!" प्राप्तीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत. "त्यांनी काही केलं नाही. मला संधिवात आहे. बोटं दाबली की जीव जातो. कळलं?"

एक बाई पुटपुटली, "अगो, या वयात?"

"हो, या वयात. आजार आधारकार्ड बघून येत नाही."

कॉलर सुटली. ती नीट करताना प्रज्योत तिच्याकडे बघतच राहिला. एवढ्या लोकांसमोर आपलं दुखणं असं कुणी फटकन सांगतं? मग त्याने हात मागे घेतला आणि कोपर पुढे केलं.

"हे धरा. दाबणारही तुम्हीच, सोडणारही तुम्हीच."

प्राप्तीने जरा विचार केला... आणि धरलं. "उगाच माझ्या कोपराला गूळ लावू नका हं."

"तुमच्या कुठे? कोपर तर माझं आहे!"

ती हसली. बस्स, प्रज्योतचं काम तिथेच तमाम झालं.

प्राप्ती किहीमच्या एका रिसॉर्टचं बुकिंग सांभाळायची आणि अधूनमधून औषधासाठी मुंबईला जायची. प्रज्योतचे दोन ट्रेलर न्हावा शेव्याला चालायचे. त्याला मुंबईत भाऊच्या धक्क्याला काडीचं काम नसायचं, तरी तिच्या फेरीच्या दिवशी तो नेमका लाँचवर हजर! "योगायोग," तो म्हणायचा. "हो का?" ती म्हणायची, आणि त्याचं कोपर धरून खुशाल पायऱ्या चढायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही आठवत नाही.

सगळं गोडच होतं असं नाही. ठरलेली भेट ती ऐन वेळी रद्द करायची. एकदा तो फोनवर वैतागला, "तुझं रोज काही ना काही दुखतंच!" प्राप्तीने फोन ठेवला तो चार दिवस उचललाच नाही. मग तिनेच त्याला किहीमला बोलावलं. सुरूच्या बनात वारा शिट्ट्या घालत होता. प्रज्योत अपराध्यासारखा वाळूत रेघोट्या ओढत बसला.

"ऐक," ती म्हणाली. "सकाळी माझी बोटं उघडत नाहीत. वेणीसुद्धा आई घालते. काही दिवस अंगावर पांघरूण सोसत नाही. लग्न झाल्यावर तू जवळ येशील... आणि मी 'नको' म्हणेन. ते 'नको' तुला नसेल रे, दुखण्याला असेल. पण तुला तेवढं एकच ऐकू येईल. मग तू रुसशील, मी रडेन... त्यापेक्षा आत्ताच जा. मी दोष देणार नाही."

प्रज्योतचे कान लाल झाले होते.

"रुसेन कधीतरी. खोटं का बोलू?" तो म्हणाला. "पण 'नको' कसं असतं ते कळलं. आणि... 'हो' असेल तेव्हा मला कसं कळायचं?"

"चावट!"

"चावट काय? महत्त्वाचा प्रश्न आहे!"

प्राप्तीने पदराआड लपावं तशी ओढणी तोंडावर घेतली. आतूनच म्हणाली, "तू नुसता तळहात पुढे करायचा. धरायचा नाही, ओढायचा नाही. 'हो' असलं की मी माझा हात त्यात ठेवीन."

त्याने लगेच तळहात पुढे केला. तिने त्या तळहाताकडे पाहिलं. मग हात मागेच ठेवून म्हणाली, "घाई नको."

लग्न ठरलं. पण प्राप्तीच्या आईने दोघांनाही शपथ घातली: सासूला लग्नाआधी काही सांगायचं नाही. "एकदा अक्षता पडू देत, मग बघू." प्राप्ती धुसफुसली, पण आईच्या रडण्यापुढे गप्प बसली.

आणि ते गप्प बसणं हळदीच्या दिवशी अंगाशी आलं. होणाऱ्या सासूबाई ठमाबाई स्वतः चुडा घेऊन आल्या. बायकांनी अंगण भरलेलं. बांगड्या भरायला बसली सखुबाई. तिने मनगट पाहून सव्वादोनच्या मापाच्या बांगड्या काढल्या. पण बोटांचे सांधे पार पावणेतीनला पोचलेले! तिने साबण लावला, हात दाबला. प्राप्तीने ओठ चावला. आणखी दाबला... कट्! हिरवी काच खाली पडली.

"वाढली गो बाय," कुणीतरी हळूच म्हणालं. आपल्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, पण अंगणभर सगळ्यांचे चेहरे फुटल्यासारखेच झाले.

"हात सुजलाय जरा," आई घाईने म्हणाली. "काल काम फार पडलं ना..."

"आई, बास." प्राप्तीने हात सोडवून घेतला. "काम नाही पडलं. मला संधिवात आहे. कॉलेजपासून. गोळ्या रोज लागतात. मूलबाळसुद्धा डॉक्टरांना विचारून, औषधं बदलून होईल. प्रज्योतला सगळं ठाऊक आहे. तुमच्यापासून लपवलं ते चुकलं. पण आजार झाला, त्यात मी काही चुकले नाही."

"अगो, हळू बोल!" आईने तिचा दंड धरला. "सासू बसलीय समोर!"

"का हळू? गप्प बसणाऱ्याला लोक विचारतात, हातात बांगड्या भरल्यास काय म्हणून. माझ्या हातात तर जातच नाहीत, मग मी का गप्प बसू? चुडा नको मला. लग्न करायचं तर याच हातांनी, नाहीतर नको!"

ठमाबाईंनी मुलाला फोन लावून चुड्याचं सगळं सांगितलं. "तुला ठाऊक होता?"

"व्हय आई."

"आणि तरी हिच्याशीच लगीन?"

"हिच्याशीच. मंडपात ती बिनचुड्याची आली तरी हिच्याशीच."

ठमाबाईंनी फोन ठेवला. "मला राग आलाय," त्या म्हणाल्या. "लपवल्याचा. तो काय एका दिवसात जायचा न्हाय." मग सखुबाईकडे वळल्या. "तू कशाला बसलीस गो? पिशवी बांध. पोरीचा हात हाय तो, मापाचं लाकूड न्हाय."

दुसऱ्या दिवशी मांडवात प्राप्ती हिरवा शालू नेसून आली. मनगटं मोकळी. दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे पुढे धरलेले. कुजबुज झाली, ती तिने मान ताठ ठेवून ऐकली.

"वधूचा हात धरा," भटजी म्हणाले.

प्रज्योतने धरला नाही. त्याने तळहात पुढे केला, आणि थांबला. मंत्र थांबले. भटजी खाकरले. "अहो नवरदेव, धरा की! मुहूर्त चाललाय!"

"थांबा जरा, गुरुजी," प्रज्योत म्हणाला.

प्राप्तीची बोटं सकाळपासून ठणकत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं. मग आपला सुजलेला, बिनबांगड्यांचा हात अलगद त्याच्या तळहातावर ठेवला.

तो कानाशी वाकला. "हे... 'हो' आहे?"

"अरे, भटजींसमोर विचारतोस?" ती लाजून फणकारली. पण हात तिने तिथेच ठेवला.