भिंतीपलीकडचा वॉर्ड

जनरेटर बंद पडलाय तर पडू दे, सकाळी बघू. सरकून बसा जरा. तुम्ही त्या लंबू डॉक्टरचं विचारत होतात ना, बंद खोलीत पेशंट का तपासत नाही म्हणून? हसू नका. त्या रात्री त्याची गाडी मीच चालवत होतो. आत काय झालं ते त्यानं मला एकदाच सांगितलं, पुन्हा कधी विषय काढला नाही.

भूकंपाला तीन दिवस झाले होते. शनिवारची रात्र, साडेअकराचा सुमार. शाळेच्या मैदानात आमचा कॅम्प. सगळे तुमच्यासारखेच, रजा टाकून आलेले. लंबूचं लग्न महिन्यावर. आईनं फोनवर त्याचं डोकं खाल्लं, तर हा म्हणाला, "आई, इथं माणसं मातीखाली आहेत गं, तू सुटाच्या मापाचं काय घेऊन बसलीस!"

सलाईन संपत आलं होतं. जुन्या दवाखान्याची मागची बाजू पहिल्याच धक्क्यात बसली होती, पुढची उभी होती, आणि स्टोअर पुढं होतं. कॅम्पच्या मुख्य डॉक्टरना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्या म्हणाल्या, "दोन खोकी उचल आणि उलट पावली ये. आत रेंगाळायचं नाही."

"बाई, माझी उंची बघा. एक पाय बाहेरच राहील माझा," लंबू म्हणाला.

मी गाडी दारासमोर चालूच ठेवली. एक खोकं त्यानं आणून ठेवलं. दुसऱ्यासाठी आत गेला आणि जमीन हलली.

शुद्धीवर आला तेव्हा तो पालथा पडला होता. पाठीवर तिरकं लोखंडी रॅक, रॅकवर छत. उजवा हात कशाखाली तरी अडकलेला. हातातली बॅटरी कुठं गेली पत्ता नाही. सहा फुटांचा माणूस आणि जागा पेटीएवढी. श्वास घेतला की छाती फरशीला घासायची आणि पाठ रॅकला. अर्धाच श्वास मिळायचा. दुसराही अर्धाच.

मी बाहेरून घसा फाडून ओरडत होतो. ते त्याला ऐकू आलं नाही. त्याला कण्हणं ऐकू येत होतं.

भिंतीपलीकडून. एक म्हातारा. एक बाई. आणखी कोणीतरी, लहान.

लंबू शेवटी डॉक्टरच. माणसं जिवंत आहेत म्हणून आधी त्याला बरंच वाटलं. तो ओरडला, "घाबरू नका! मी डॉक्टर आहे. किती जण आहात तिकडं?"

उत्तर आलं. दुसऱ्याच बाईचा आवाज, रात्रपाळीनं दमलेला.

"हळू बोला. पेशंट आहेत."

"सिस्टर? तुम्हीही अडकलात का? कोणाला काय लागलंय?"

चपलांचा आवाज. रबरी, फटक फटक. मग थांबला.

"हलू नका. झालंच आता."

म्हाताऱ्याचं कण्हणं बंद पडलं.

"पुढचा."

लंबूला हायसं वाटलं. चला, कोणीतरी बघतंय. मग त्याच्या लक्षात आलं. आपल्याला मानसुद्धा वर करता येत नाहीये... आणि ही चालतेय.

फटक फटक. थांबल्या.

"झालंच आता."

बाईचं कण्हणं बंद.

"पुढचा."

"सिस्टर... काय देताय तुम्ही त्यांना?"

लहानग्याचं मुसमुसणं तेवढं चालू होतं. ते चालू राहू दे, असं लंबू मनात म्हणत होता. राहू दे, राहू दे...

बंद झालं.

मग नुसता अंधार. आणि त्याच्याच छातीची धडधड.

"पुढचा."

चपला भिंतीपाशी आल्या. मग भिंतीच्या अलीकडे.

त्यानं पाय ओढून पाहिला. निघेना. हात निघेना. त्यानं तोंड मातीत दाबून धरलं. आपण कण्हलो नाही तर कळणार नाही तिला...

स्पिरिटचा वास आला. कानाशी कोणीतरी वाकलं.

"नाव?"

त्यानं दात मातीत रोवले.

"असू दे."

...

पुढचं त्याला आठवत नाही.

उजाडताना बचाववाल्यांनी त्याला ओढून बाहेर काढलं. पहिलं वाक्य काय बोलला? "आधी पलीकडचे काढा. तिघं आहेत. सिस्टर आहे."

जवानांनी भिंत फोडली. पलीकडे छतावर छत बसलेलं. मधे हाताचा पंजा जाईल एवढीही फट नव्हती. तिकडचा वॉर्ड भूकंपाच्या पहिल्याच दिवशी माणसांसकट गेला होता.

कॅम्पात मोठ्या बाईंनी त्याचं डोकं धुवायला घेतलं. केसांत माती थापल्यासारखी बसली होती. पाणी ओतता ओतता बाई थांबल्या. मला खुणेनं जवळ बोलावलं.

डोक्यामागे चार बोटं लांब जखम. भोवतीचे केस नीट भादरलेले. काळ्या धाग्याचे टाके, सगळे एकसारखे.

"हे कधीचं रे?" बाईंनी विचारलं.

"काय कधीचं?" लंबू म्हणाला.

आदल्या रात्री गाडीत तो माझ्या शेजारी बसला होता. ते डोकं मी पाहिलं होतं. कंगवा चालणार नाही एवढे दाट केस.

बाईंनी जखम बोटानं दाबून पाहिली. कोरडी. कातडी मिळून आलेली. मग मला हळूच म्हणाल्या,

"आठवड्याची जखम आहे. टाके काढायला आलेत."