शेवटच्या खांबावरची फुली

सरोवराकाठची बाग सप्टेंबरात बंद झाली आणि ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी एमोके हातोडी घेऊन तिथे आली. काम साधंच होतं. बागेत जुना लाकडी रोलर कोस्टर होता, गावात त्याला सगळे ‘डोंगर’च म्हणत. त्याचा एकेक खांब ठोकायचा आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर खडूची हिरवी रेघ, भद्द वाजला तर लाल फुली. खांब सहाशे बारा. निम्म्यांहून जास्त लाल निघाले, तर दुरुस्ती नाही. सगळा डोंगर पाडायचा आणि आपोआप थांबणाऱ्या गाड्यांचा नवा लाकडी डोंगर उभारायचा. निकाल तिच्या सहीवर होता, आणि त्या सहीच्या विचारानं एमोकेचं जेवण सुटलं होतं. नुसती डागडुजी करा म्हटलं आणि उद्या कोणी वरून कोसळलं तर?

रेझो काका तिच्यासोबत फिरे. चाळीस वर्षं तो गाडीवर उभा राहून, वळण आलं की दांडा ओढून ब्रेक लावत आला होता.

“इंजिनिअरबाई, जरा जोरात! एवढ्या हळू ठोकलंत तर खांब झोपेतून उठायचाही नाही.”

“काका, चेष्टा नको ना. आधीच माझी मोजणी दोनदा चुकलीय.”

गुरुवारी दुपारी सरोवरावरून धुकं आलं ते हललंच नाही. उरला होता एकच खांब, पाण्याकडच्या वळणावरचा. वहीत लाल तीनशे सहा, हिरवे तीनशे पाच. आणखी एक फुली पडली की डोंगर गेला.

त्या खांबावर खांद्याच्या उंचीला काळपट लाकडाचा तळहाताएवढा तुकडा चार खिळ्यांनी ठोकलेला होता.

“हे काय, काका?”

रेझोनं टोपी काढली. “ओडोनसाठी. आम्ही दोघं एकाच साली कामाला लागलो. याच वळणावर तो गाडीवरून पडून गेला. पण ब्रेक अजून तोच लावतो... माझा हात दांड्याला लागायच्या आधी. म्हणून इथला खांब बदलला की जुन्याचा तुकडा नव्यावर ठोकतो आम्ही. त्याला जागा कळायला नको?”

“आणि नाही ठोकला तर?”

“एकदा राहिला होता...” म्हाताऱ्यानं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. “चहा आणतो. घसा बसलाय तुझा.”

त्याची पावलं धुक्यात विरली. ओल्या डांबराचा वास येत होता. एमोकेनं दोनदा ठोकलं. खांब घंटेसारखा वाजला. इतकं निरोगी लाकूड चार दिवसांत तिच्या हाताखालून गेलं नव्हतं.

मग आतून दोनदा आवाज आला.

प्रतिध्वनी असेल. तिनं एकदाच ठोकलं. आतून एकदा उत्तर आलं... थोडं थांबून, आणखी एकदा.

“काका?”

लांब, चहाच्या टपरीपाशी रेझो खोकला.

तिनं लाकडावर हात ठेवला. आत काहीतरी सरकत होतं, गंजलेला लांब दांडा कोणीतरी सावकाश, दम धरून ओढत असल्यासारखं. तळहाताखाली लाकूड कोमट झालं. गाड्या तर शेडमध्ये कुलपात होत्या, पण डोक्यावरचे रूळ करकरले.

लाल खडू तिच्या हातात कसा आला, तिला कळलंच नाही. त्या काळ्या तुकड्यावरच तिनं फुली ओढली, दुसरी रेघ घाईत अर्धवटच राहिली, वहीत तीनशे सात लिहिलं आणि ती पळत सुटली.

वाटेत रेझो दोन कप घेऊन येत होता. “वाजला ना खणखणीत?”

“नाही,” ती म्हणाली. “भद्द वाजला.”

म्हाताऱ्यानं दोन्ही कप तिच्या हाती दिले. “बरं पोरी. मग एवढं कर. पाडताना तो तुकडा तेवढा काढून ठेव. नव्यावर ठोकायला.”

“ठेवते, काका. नक्की.”

पण त्या खांबाला पुन्हा हात लावायचं धैर्य तिला झालं नाही, आणि अहवालात असलं काही लिहायचं तरी कसं? डिसेंबरात डोंगर पाडला. सगळं जुनं लाकूड तिथेच, पाण्याच्या काठी जाळून टाकलं. रेझो कुंपणाबाहेर उभा होता. ती दिसताच त्यानं पाठ फिरवली.

फेब्रुवारीत नव्या खांबांचे ओंडके वखारीत आले. पाण्याकडच्या वळणाचा पहिला ओंडका करवतीवर चढला, आणि मिस्त्रीनं यंत्र मध्येच बंद केलं.

“बाई, जरा बघा हो. करवतीला खिळे लागले.”

“झाडाला कोणीतरी ठोकले असतील.”

“बाहेरून? ऐंशी वर्षांचं झाड आहे, खोडाची वलयं मोजलीत मी. एकही तुटलेलं नाही. हे त्यांच्या आत आहे.”

ओंडक्याच्या पांढऱ्या गाभ्यात, अगदी मधोमध, तळहाताएवढा काळपट तुकडा बसला होता. चार खिळे. आणि त्यावर लाल खडूची फुली, एक रेघ आखूड, घाईत तिच्या हातून राहिली होती तशीच.

एमोकेनं अंगठा फिरवला. लाल रंग बोटाला लागला. लाकूड कोमट होतं.

“काय करायचं, बाई?” मिस्त्रीनं विचारलं. “चांगला आहे की टाकायचा?”

हातोडी तिच्या पिशवीतच होती. मिस्त्रीचे दोन्ही हात खिशात होते.

ओंडक्यातून दोनदा आवाज आला. खणखणीत.