पाचवा घोट

मी थापा मारते, हे सगळ्या वस्तीला ठाऊक आहे. शहामृगावर बसून लग्नाला गेले होते, असंही मी सांगत असते. ते खोटं आहे. चालत गेले होते, आणि अर्ध्या वाटेत रुसून बसले होते.

पण हे खरं आहे.

मी स्वतः हजर होते. आईच्या पोटात होते, सातव्या महिन्यात. पण हजर होते!

रात्रबित्र नव्हती. भर दुपार होती. कालाहारीतला सलग तिसरा कोरडा हंगाम. रानकलिंगडं वेलीवरच वाळून खडखडायला लागलेली. पाणी एकाच जागी होतं, वस्तीपासून हाकेच्या अंतरावर, वाळूच्या पोटात.

ते पाणी दिसत नाही. ते ओढावं लागतं.

हातभर खोल खड्डा खणायचा. बोरूच्या नळीच्या टोकाला गवत गुंडाळायचं, टोक ओल्या वाळूत रोवायचं, खड्डा पुन्हा बुजवायचा. मग गुडघ्यांवर बसायचं आणि नळीला तोंड लावून ओढत राहायचं. ओढत राहायचं. गाल आत जातात, कानशिलं ठणकतात, ओठ फुटतात. केव्हातरी तोंडात घोटभर पाणी येतं. ते प्यायचं नाही. ओठांच्या कोपऱ्यातून, गवताच्या काडीवरून, शहामृगाच्या रिकाम्या अंड्यात सोडायचं.

चार अंडी भरायला, दोघी असल्या तरी, सकाळची दुपार होते.

आमच्या वस्तीत हे काम दोघी बहिणींचं. थोरली कोबा आणि धाकटी कारू. कारू म्हणजे माझी आई. चार घोट एकीने ओढायचे, अंड्यावर बोटाने टक टक करायचं, की दुसरीची बारी. बोलायचं नाही. बोलायला थुंकी लागते.

त्या हंगामात कोबा साप चावून गेली.

ही गोष्ट एका माणसाला कोणी सांगितली नव्हती. त्यांच्या आईला, बाकूला. बाकूचे डोळे गेलेले, अंगात ताप. "कोबा गांझी गावाकडे गेलीय, गुरांच्या कामाला," असं तिला सांगितलं. म्हातारीने मान हलवली आणि त्या दिवसापासून पाणी पिणं जवळजवळ सोडलं.

"हे काय पाणी आहे?" घोट थुंकून ती म्हणायची. "धुवण आहे नुसतं. कोबाच्या पाण्याला चव असायची."

खोटं नव्हतं ते. पाणी ज्या तोंडातून येतं, त्या तोंडाची चव घेऊन येतं. कोबाच्या गालात कायम एक कडू मुळी असायची. कारूला त्या मुळीच्या वासानेही उलटी यायची.

"आई, पी ना गं. वाळूतलं आहे, तक्रार वाळूकडे कर."

"तू जरा चव लाव, मग पिते."

माझा बाप दाबे जावई. आमच्यात जावई सासूशी थेट बोलत नाही. तो शेजारच्या झुडपाला म्हणाला, "ए झुडपा, परवा पहाटे इथून निघायचंय. पुढचं पाणी दोन दिवसांच्या चालीवर आहे. ज्यांना चालवणार नाही त्यांचं काय करतात, तुला माहीत आहे ना?"

"झुडपाला सांगा," म्हातारी म्हणाली, "मला ऐकू येतं अजून. मी दोन पिढ्यांना असं मागे ठेवून आलेय. काट्यांचं कुंपण घालायचं, शेजारी एक भरलेलं अंडं ठेवायचं, आणि मागे वळून बघायचं नाही. कुंपण दाट घाल म्हणावं. तरसं हलकट असतात."

दाबे झुडपाकडे बघतच राहिला. मग तोंड फिरवून निघून गेला.

कारू मात्र उठली. चार अंडी झोळीत घातली आणि खड्ड्याकडे निघाली. चार भरली, आणि त्यातलं म्हातारी पोटभर प्यायली, तर म्हातारी चालणार होती. नाहीतर कुंपण.

पहिल्याच ओढीला कारूची नळी उभी चिरली.

बोरू आमच्याकडे उगवत नाही. तो नदीवरून येतो, पावसानंतर, कोणी आणला तर.

कारूने इकडेतिकडे बघितलं. झोळीच्या तळाशी हात घातला आणि दुसरी नळी काढली.

कोबाची.

बाई गेली की तिची नळी मोडून तिच्याबरोबर पुरतात. कारूने पुरली नव्हती. चांगली नळी होती, जड गाठीची. लपवून ठेवली होती.

ती रोवली. ओढलं. ओठांना कडू लागलं... मुळीचा अंश राहिला असेल, ती मनात म्हणाली. ओकारी गिळली. एक घोट. दोन. तीन. चार.

पोटात मी लाथा मारत होते. डोक्यावर ऊन. डोळ्यांपुढे अंधारी. चार घोट होताच तिचं बोट सवयीनेच अंड्यावर पडलं.

टक टक.

मग तिच्या लक्षात आलं की समोर कोणी नाही. रडू आलं, पण पाणी नव्हतं रडायला. तिने डोळे मिटले आणि नळी सोडून बाजूला कलंडली.

आणि मग...

सुर्रर्र...

नळी ओढली जात होती.

कारूने श्वास रोखला. वारा नव्हता. पानाचीही हालचाल नव्हती.

सुर्रर्र... मग अंड्यात ठिबकण्याचा आवाज. पुन्हा सुर्रर्र...

तिने मोजलं. चार.

मग...

टक टक.

आता तुम्ही म्हणाल, पळाली असेल. नाही पळाली. भ्यायलासुद्धा अंगात जीव लागतो. आणि डोळे उघडले असते तर पळावंच लागलं असतं. मग अंडी रिकामी राहिली असती.

तिने डोळे घट्ट मिटूनच नळी चाचपली. टोक ओलं होतं... कोमट होतं.

तिने तोंड लावलं. तिची बारी होती.

ऊन उतरेपर्यंत दोघींनी पाणी ओढलं. एक शब्द नाही. फक्त टक टक.

थंड वारा सुटला तेव्हा कारूने डोळे उघडले. चारही अंडी काठोकाठ. दोन अंड्यांना गवताचं बूच तिने लावलेलं, उजवा पीळ देऊन. उरलेल्या दोनचा पीळ... डावा होता. तसा पीळ फक्त कोबा घालायची.

मग तिने वाळूकडे बघितलं. आम्ही पावलावरून माणूस ओळखणारी माणसं. तिची पावलं होती. बाकी कोणाची येणारी नव्हती, जाणारी नव्हती.

फक्त खड्ड्याच्या पलीकडे, अगदी तिच्या समोर... दोन गुडघ्यांच्या खुणा.

वस्तीत आल्यावर तिने डाव्या पिळाचं अंडं म्हातारीच्या ओठांना लावलं. म्हातारी प्यायली. थांबली. मग दोन्ही हातांनी अंडं धरून गटागटा प्यायली, हनुवटीवरून ओघळेपर्यंत.

"आली का गं कोबा?" ती म्हणाली. "मला भेटली नाही ती?"



दाबेने अंडं घेतलं, घोट घेतला. कडू. त्याने कारूकडे बघितलं. "मी माझ्या हाताने तिला पुरलंय," तो म्हणाला. या वेळी झुडपाला नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

म्हातारीने हनुवटी पुसली. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं. गांझीला गेली असती तर निरोप धाडला असता." आणि अंडं परत मागितलं.

ठरलेल्या पहाटे बाकू काठी टेकत निघाली. दोन दिवस चालली. कुंपण घातलं नाही.

निघण्याआधी दाबेने ती नळी मोडली आणि कोबाजवळ पुरली. पुढच्या मुक्कामी कोणाकडून तरी दुसरी मिळाली, कोरी. त्या नळीने कारूने ओढलेलं पहिलं पाणी म्हातारीने चाखलं आणि हसली.

कडू होतं.

आईने आयुष्यात ती मुळी तोंडात घातली नाही. तरी तिच्या हातचं पाणी शेवटपर्यंत तसंच लागायचं. मी जन्मले तेव्हा आजीने माझं नाव कोबा ठेवलं. दुसरं काय ठेवणार?

आता वस्तीत नळ आहे. टाकीचं पाणी येतं, गोड. आई दोन वर्षांपूर्वी गेली. तोवर सगळं ठीक होतं.

आता मी पेला भरते. चार घोट घेते, गोड लागतात. मग पेल्यावर कुठूनतरी... टक टक.

दवाखान्यातली पोरगी माझ्यावर ओरडते. "आजी, पाणी फार कमी पिता तुम्ही. एवढी काय कंजुषी करता?"

तिला काय सांगू? ती म्हणेल, म्हातारीने आणखी एक थाप मारली.

मी पेला खाली ठेवते आणि तोंड फिरवून बसते. पाचव्या घोटाला माझी बारी नसते.