तिसऱ्या गाळणीचं प्लास्टिक

त्याची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मला त्याचे फक्त पाय दिसले. बाकीचा तो स्वयंपाकघरातल्या सिंकखालच्या कपाटात होता. मी नुकतीच कामावरून आले होते, आणि आई ओट्याला टेकून त्या पायांना पाण्याच्या चवीबद्दल ऐकवत होती. मला पाहताच तिने हातातली बॅटरी माझ्याकडे दिली आणि वाजणारा फोन घ्यायला बाहेर गेली.

“जरा डावीकडे धरा, काकू,” कपाटातून आवाज आला.

“काकू बाहेर गेल्या. मी त्यांची मुलगी.”

आत डोकं आपटल्याचा आवाज झाला. मग तो सरकत बाहेर आला – केसांत जळमट, कपाळावर लाल टेंगूळ आणि नाकावर तिरका चष्मा. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, त्यामुळे मला आधी चष्मा दिसला. उजवी काडी वाकली होती. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघणं हे माझं कामच आहे, मी सहसा कोणाच्या नजरेने गडबडत नाही. त्या दिवशी मात्र मी उगाचच बॅटरीकडे बघत राहिले.

तक्रार साधी होती. पाणी शुद्ध करायचं यंत्र, त्याची टाकी भरली तरी निचऱ्याच्या नळीतून पाणी वाहतच होतं. दुसरा कोणी मेकॅनिक दहा मिनिटांत काम उरकून गेला असता. याची तऱ्हा वेगळी. तो घरच्या माणसाला शेजारी बसवायचा, पाना त्याच्या हातात द्यायचा आणि पहिला प्रश्न विचारायचा, “बिघडण्याआधी शेवटचं काय बदललं?” यंत्र बहुतेक वेळा आपणहून रुसत नाही, कोणीतरी काहीतरी हलवलेलं असतं, असं त्याचं म्हणणं. आम्ही खरंच आदल्या आठवड्यात भिंत रंगवायला यंत्र हलवलं होतं.

त्याने मला टाकीचा कॉक बंद करायला लावला आणि आम्ही दोघं नळीला कान लावून पाच मिनिटं बसलो. पाणी थांबायला हवं होतं, थांबलं नाही. म्हणजे दोष पाणी तोडणाऱ्या झडपेत, तो म्हणाला. पाच मिनिटं हा फार मोठा वेळ असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आईने त्याचं नाव ‘कपाटातला’ ठेवलं आणि ते चिकटलं.

पुढच्या महिन्यात गाळणीच्या एका डब्याखाली थेंब पडू लागले. त्याने फोनवरच सांगितलं – डबा उघडा, रबराची रिंग खाचेतून निसटली असेल, पुसून नीट बसवा. बसवली, गळती थांबली. आई खूश झाली, मी फारशी नाही. मग यंत्राच्या नळाला धार बारीक यायला लागली तेव्हा तो दाबाचा काटा असलेला सायकलचा पंप घेऊन आला. टाकीतलं पाणी संपवून बुडाशी असलेल्या तोंडातून हवा भरायची होती. पंप अर्थातच माझ्या हातात.

“काटा सातवर आला की थांबा.”

“आणि आठ केलं तर?”

“टाकीत पाणी कमी मावेल.”

“मग तुम्हाला परत यावं लागेल.”

“आठसाठी येत नाही,” तो गंभीरपणे म्हणाला. “आठचं फोनवर सांगतो.”

एवढं बोलून तो कानापर्यंत लाल झाला. मी पंप मारत राहिले आणि काटा नऊवर गेला.

त्याच्या या शिकवण्यापायी कंपनीतले साहेब त्याच्यावर वैतागलेले असायचे, कारण तो एकदा गेला त्या घरून पुन्हा बोलावणं येत नसे. मलाही तेच जड जाऊ लागलं. वर्षभरात मी इतकं शिकले की त्याला बोलवायला कारण उरलं नाही. यंत्र मुकाट्याने चालायचं आणि मी त्याच्याकडे रागाने बघायची. बरं, तो चष्म्याची काडी सरळ करायला दुकानात दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा ती त्याच जागी वाकलेली होती. शेवटचं काय बदललं, हे मी विचारलं नाही.

मग तिन्ही गाळण्या बदलायचा दिवस आला. शनिवार होता. दोन बसवून झाल्या तेव्हा तो हात पुसत म्हणाला की त्याने नवी नोकरी धरली आहे. इथून चार तासांवरच्या गावात, इस्पितळात. किडनीच्या रुग्णांचं रक्त धुवायला जे अतिशुद्ध पाणी लागतं, त्याचं यंत्र सांभाळायचं. हे काम त्याला कधीपासूनच करायचं होतं. सोमवारी निघणार होता.

“अभिनंदन,” मी म्हटलं आणि बॅटरी ओट्यावर ठेवली.

त्याने तिसरी गाळणी बसवली, यंत्रावरच्या चिठ्ठीवर नव्या मेकॅनिकचा नंबर लिहिला आणि गेला. पाण्यात हवा असेल, थोडा वेळ गुरगुरेल, एवढंच दारातून सांगितलं.

रविवारी सकाळी नळाला धारच नव्हती, नुसते थेंब. आई म्हणाली, त्या नव्याला बोलव. मी पाना काढला. टाकीतली हवा तपासली, सातवर होती. नळ्या कुठे मुडपल्या नव्हत्या. मग मला त्याचा प्रश्न आठवला. शेवटी बदलल्या होत्या त्या गाळण्याच, म्हणून मी कचऱ्याचा डबा उपसला. तीन गाळण्यांची पारदर्शक वेष्टनं हवी होती, दोनच सापडली. तिसरं गाळणीवरच होतं, जसंच्या तसं, आणि पाणी बिचारं त्यातून वाट शोधत होतं. इतक्या काटेकोर माणसाने प्लास्टिक न काढताच गाळणी बसवली होती! मी कपाटासमोर फतकल मारून हसले. मग रडलेही थोडी.

वेष्टन काढलं, यंत्र सुरू केलं आणि त्याला फोन केला. तुमची एक वस्तू माझ्याकडे राहिली आहे, दुकानात या.

तो तासाभरात आला. मी प्लास्टिक काउंटरवर ठेवलं आणि कुठे सापडलं ते सांगितलं. मला वाटलं होतं तो हसेल. तो डोळे तपासायच्या खुर्चीत मटकन बसला.

“तिथे माणसांच्या जिवाशी गाठ आहे,” तो म्हणाला. “आणि मी प्लास्टिक काढायला विसरतो. नाही जमणार मला. कळवून टाकतो त्यांना.”

मी नुसती गप्प बसले असते तर तो राहिला असता. चार तासांवर नाही, इथेच, माझ्या सिंकखाली. खोटं कशाला सांगू, क्षणभर मी गप्प बसलेही. पण तो प्लास्टिकची घडी घालत होता, अगदी कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि मला ते बघवेना.

“शेवटचं काय बदललं?” मी विचारलं.

“म्हणजे?”

“पहिल्या दोन गाळण्या नीट बसवल्या होत्या. तिसरीच्या आधी काय झालं?”

त्याने प्लास्टिकची घडी पुन्हा उलगडली.

“तुम्ही... अभिनंदन म्हणालात.”

“कसं म्हणाले?”

“दार लावून घेतल्यासारखं.”

“मग तुमचे हात ठीक आहेत. घोळ माझ्या बोलण्यात होता,” मी म्हटलं. “मला तुम्ही आवडता. जाताय म्हणून राग आला, म्हणून तसं म्हणाले. तुम्ही उद्या जायचं. मी पुढच्या रविवारी भेटायला येईन. आणि तिथे दर वेळी वेष्टनं मोजायची.”

त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

“काडी दोन्ही वेळा मीच वाकवली होती,” तो म्हणाला.

“माहीत आहे. मी चष्म्यांचंच काम करते.”

तेव्हा कुठे तो हसला. दुकान बंद करून आम्ही चालतच घरी आलो, कारण धार ठीक आहे ना हे त्याला स्वतः बघायचं होतं. ठीक होती. आईने त्याच धारेखाली दोन पेले भरले, एक त्याला दिला, एक मला, आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने नीट पाहून घेतलं. मग त्याला विचारलं, तू चाललास, आता यंत्र बिघडलं तर मी कोणाला बोलवायचं?

“हिला. हिला सगळं येतं, काकू.”

“आणि हिचं काही बिनसलं तर?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग खिशातलं पेन काढलं, वाकून कपाटात डोकं घातलं आणि चिठ्ठीवर नव्या मेकॅनिकच्या नंबराखाली स्वतःचा नंबर लिहिला. बॅटरी मीच धरली होती.